तिथी बघा, मग ऐरोलीला निघा

ठाण्याहून ऐरोलीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जायचं ठरवलंत तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि त्या दिवशी तिथी कोणती आहे ते शोधा. रविवार मोकळा आहे का, लोकल कितीची आहे, हे सगळं नंतर. ठाणे खाडी उथळ आहे. भरतीचं पाणी असेल तेवढाच वेळ बोट चालते, ओहोटी लागली की खाली गाळच उरतो. बोटीची वेळ पाणी ठरवतं आणि आपल्याला त्या वेळेला जाऊन उभं राहावं लागतं.

माझी आई गुहागरची. नौपाड्यात येऊन तिला पन्नासएक वर्षं झाली, तरी समुद्राचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, पहाटेही आणि दुपारनंतरही. अमावस्या-पौर्णिमेला गणित न करता सरळ बारा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. मिनिटामिनिटाला तो जुळत नाही, पण बेत आखायला पुरेसा आहे. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते आणि तिथी साधारण रोज एकाने वाढते, म्हणून हे गणित चालतं. ठाणे खाडीत पाणी आतपर्यंत यायला आणखी थोडा उशीर लागतो, तोही धरायचा.

आम्ही फेब्रुवारीतला एक रविवार निवडला, त्या दिवशी वद्य एकादशी होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात बोटीची जागा आधी राखून ठेवावी लागते. तिथून आम्हाला आठच्या आत हजर राहायला सांगितलं, तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिचा उपवास होता, म्हणून डब्यात रताळ्याचे काप आणि शेंगदाण्याचे लाडू. बाकीच्यांनी मिसळ खायची, ती परत ठाण्यात आल्यावर, असं ठरलं.

आमच्याबरोबर डोंबिवलीहून मावसभाऊ, त्याची बायको आणि लेक येणार होते. सकाळी सातला त्याचा फोन आला, "आम्ही दिव्याला उतरलोय, जेट्टी कुठल्या बाजूला आहे?" त्याला कुणीतरी सांगितलं होतं की बोटी दिव्याच्या जेट्टीवरून सुटतात. ते खरंच आहे, पण ते दिवा म्हणजे ऐरोलीतलं खाडीकाठचं गाव, मुंब्र्याच्या पुढचं जंक्शन नव्हे. दोन्हींच्या मध्ये पारसिकचा अख्खा डोंगर आहे. त्याला पुढे ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरची लोकल पकडावी लागली आणि आमची बोट त्याला मिळाली नाही. कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: ठाण्याला उतरायचं, नऊ किंवा दहा नंबरच्या फलाटावर जायचं, वाशी, नेरूळ किंवा पनवेल यांपैकी कुठलीही गाडी पकडायची आणि ऐरोलीला उतरायचं. रिक्षावाल्याला "फ्लेमिंगो सेंटर" म्हणा, लगेच कळतं.

ठाण्याहून गाडी सुटल्यावर लगेच खाडी लागते. बोरीबंदरहून पहिली गाडी १८५३ मध्ये ठाण्याला आली आणि १८५४ मध्ये रेल्वेने ही खाडी ओलांडून कल्याण गाठलं. तेव्हापासून आपण ठाणेकर हे पाणी गाडीतूनच बघत आलो. त्यातही काळं पाणी आणि वास एवढंच बघतो, कारण दारात उभं राहायला मिळालं तरी डोळे मोबाइलवर असतात. आईला मी मुद्दाम खिडकीत बसवलं. कळवा, विटावा, दिघा आणि मग ऐरोली. हा मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. त्याआधी नौपाड्यातून ऐरोलीला जायचं म्हणजे बसने विटाव्याच्या पुलाखालून जावं लागायचं आणि पावसाळ्यात तिथे पाणी भरलं की दिवस गेला.

केंद्रात पोचल्यावर सगळ्यात आधी स्वच्छतागृहात जाऊन या, बोटीवर सोय नसते. मग वेळ असेल तर तिवरांमधून फिरा. तिवराच्या पानाची खालची बाजू जिभेला लावून बघा, खारट लागते. मुळांनी ओढलेलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली बोटभर टोकं म्हणजे त्याची श्वासाची मुळं. त्यांच्यात निवट्या उड्या मारत असतात. माझी भाची तिथेच अडकली, तिला बोटीत काही रस उरला नव्हता. मासा असून चिखलावर चालतो हे तिने पहिल्यांदा पाहिलं.

वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. पाणी पूर्ण भरलेलं असताना बोट धक्क्याच्या बरोबरीला येते आणि पाऊल सहज टाकता येतं. पाणी उतरलं की तीच बोट खाली जाते, मग निसरड्या पायऱ्या उतराव्या लागतात. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. म्हणून भरती पूर्ण व्हायच्या आधीची बोट घ्यायची, म्हणजे जातानाही पाणी आणि येतानाही पाणी. सँडलच्या ऐवजी मागे पट्टा असलेली रबरी चप्पल घाला. टोपी हवीच. लाइफ जॅकेट घातल्यावर पदर आणि ओढणी आत खोचून घ्या.

बोट ऐरोलीच्या पुलाकडे पाठ करून वाशीच्या पुलाच्या दिशेने निघाली. या दोन पुलांच्या मधला पश्चिमेचा काठ हे २०१५ मध्ये जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. पाणी आणि तिवरं मिळून सुमारे १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतही आलं. एका बाजूला मुलुंड-भांडुपच्या इमारती, दुसऱ्या बाजूला आपली नवी मुंबई, मध्ये विजेचे मनोरे. मनोऱ्यांवर घारी, चिखलाच्या काठावर शेकाटे आणि बगळे, डोक्यावर कुरव. मग तांडेलने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, इंजिनाचा आवाज कमी केला आणि काठाकडे नुसतं बोट दाखवलं. चिखलाची कड जिथे संपत होती तिथून पुढे दूरपर्यंत गुलाबी होतं.

मला वाटलं होतं चारदोनशे पक्षी असतील. ते मोजता येण्यापलीकडे होते. बहुतेक छोटे रोहित, गडद चोचीचे. मध्ये मध्ये मोठे रोहित, उंच, पांढुरके, चोचीचं फक्त टोक काळं. मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळत गाळत सगळे एका दिशेने चालत होते. ते खातात त्या शेवाळातल्या आणि बारीक जीवांमधल्या रंगद्रव्यांनी त्यांना हा रंग येतो. पिल्लं करडी असतात, तीही दिसली. पावसाळा संपला की बरेचसे कच्छकडून येऊ लागतात आणि मेपर्यंत राहतात. जानेवारी ते मार्च सगळ्यात चांगला काळ.

एकादशी-द्वादशी निवडण्याचं कारण इथे कळतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीत सगळा चिखल बुडतो आणि पक्षी दुसरीकडे उडून जातात. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाणी फारसं चढतच नाही आणि भरतीही पहाटे सहा-सातला. मधल्या तिथ्यांना बोटीलाही पाणी मिळतं आणि पक्ष्यांनाही काठ उरतो.

आमच्या बोटीत कॅमेरेवाले काका होते, ते तांडेलला सारखं "अजून जवळ घ्या" म्हणत होते. तांडेलने घेतली नाही आणि मला त्याचं फार बरं वाटलं. थवा उडाला की फोटो छान येतो, पण खाणं सोडून त्यांना उडावं लागतं. शेकडो किलोमीटर उडण्याची ताकद त्यांना याच चिखलातून मिळवायची असते. बोटीवर असाल तर तुम्हीही तांडेलच्या बाजूने बोला.

परत फिरलो आणि अर्ध्या वाटेत इंजिन एकदम गुरगुरून बंद पडलं. तांडेलने इंजिन वर उचललं. पंख्याला प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट गुंडाळल्या गेल्या होत्या. "आजी, घाबरू नका, गुतलंय कायतरी, काढतो," तो आईला म्हणाला आणि कोयता घेऊन ओणवा झाला. त्याचा जोडीदार बांबू रोवून बोट धरून होता. पिशव्या कापल्या तसे आतून हार निघाले. कुजलेले झेंडू, नारळाची करवंटी, शेवटी काचेची फुटकी फ्रेम, तसबिरीतला रंग पूर्ण गेलेला. कुणीतरी पुलावरून गाडी थांबवून, हात जोडून, गाठ मारलेली पिशवी खाली सोडली असणार. श्रद्धेनेच सोडली असणार, याबद्दल मला शंका नाही. पण ती फ्रेम काढताना तांडेलचा अंगठा कापला आणि रक्त पाण्यात पडलं. आईने पिशवीतून हळद काढून दिली. प्रवासाला निघताना हळदीची पुडी घेण्याची तिची सवय आहे, आणि तुम्हीही बँडेज, चिकटपट्टी असं काहीतरी जवळ ठेवा. निर्माल्य टाकायचंच असेल तर पिशवी उघडून फुलं कुंडीत घाला, तसबीर असेल तर काच काढून घ्या. पुलावरून गाठ मारलेली पिशवी सोडू नका. खाली माणसं बोटी चालवतात.

या सगळ्यात पाणी उतरायला लागलं. धक्क्याला लागलो तेव्हा बोट चांगलीच खाली गेली होती. तांडेल आणि त्याच्या जोडीदाराने खालून आणि एका अनोळखी ताईंनी वरून हात देऊन आईला चढवलं. पायरीवर गाळ होता, तिचं एक पाऊल सरकलं, पण तिघांनी तिला पडू दिलं नाही. मग ती तिथेच बाकावर बसली आणि शेंगदाण्याचे लाडू तिने त्या तिघांना वाटले.

मावसभाऊ तोवर येऊन केंद्रात बसला होता. त्याची लेक रडवेली झाली होती. त्यात ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक होता, अकराच्या सुमाराला गाड्या बंद. रविवारी जाणाऱ्यांनी ब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवावा, सकाळच्या बोटीचं थोडं लांबलं की परतीची गाडी गेलीच. आम्ही बसने आलो. विटाव्याला बराच वेळ अडकलो आणि मिसळ दोन वाजता मिळाली.

पोरीचं काय करायचं, यावर आईने बसमध्येच उत्तर काढलं. पुढच्या रविवारी शुद्ध तृतीया, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या पुढे भरती. अमावस्येनंतरचं उधाण अजून असणार. तेव्हा खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. तिथे बोट लागत नाही, तिकीट नाही. टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बाजूला बांधावरूनच दिसतात, आणि तेही बोटीतून दिसतात त्यापेक्षा जवळून.

तसंच झालं. ब्लॉक लक्षात ठेवून सगळे सकाळी दहाच्या आधीच निघालो, सीवूड्सला मॉलमध्ये वेळ काढला, जेवलो आणि एकच्या सुमारास रिक्षाने गेलो. आधी तळं जवळजवळ रिकामं होतं. दीडनंतर थवे यायला लागले, पाच-पंचवीस करत, पाम बीच रोडवरच्या गाड्यांच्या वरून. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित मेले होते, ते मला प्रत्येक थव्याबरोबर आठवत होतं. या पाणथळी बुजल्या, तर भरतीच्या वेळी यांनी उतरायचं कुठे? मावसभावाची लेक मात्र एका पायावर उभी राहून त्यांच्यासारखी मान आत घालून बघत होती.

नेरूळला जाणार असाल तर भरतीच्या आधी तासभर पोचा आणि नंतर तास-दीड तास थांबा. बांधावर सावली नाही, बसायला काही नाही. आईसाठी आम्ही घडीची खुर्ची नेली होती, छत्रीही लागली. पिण्याचं पाणी घरूनच न्या. कुत्री असतात, खाण्याचे डबे उघडे ठेवू नका. मुलांना सांगून ठेवा की दगड मारायचा नाही. परतीला नेरूळहून ठाण्याची थेट गाडी असते. ब्लॉक संपल्यावरच्या पहिल्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती, त्या आम्ही सोडल्या. पुढच्या गाडीत एका मुलीने उठून आईला खिडकीची जागा दिली.