घरचा रिचार्ज आणि परदेशातले सिम

मोबाइलचा प्लॅन घेताना बहुतेक जण रोज किती जीबी मिळतात एवढेच पाहतात. माझ्या मते आधी मुदत पाहावी. २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा म्हणून खपत असला, तरी वर्षाला त्याचे १३ रिचार्ज होतात, आणि जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून तर हा शब्दशः दुष्काळातला तेरावा महिना झाला आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२२ च्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला रिचार्ज करायचा प्लॅन ठेवावा लागतो, पण तो अ‍ॅपमध्ये शोधूनच काढावा लागतो.

घरी वायफाय असेल तर रोजचा दोन जीबी डेटा मध्यरात्री तसाच वाया जातो. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये सक्तीची केलेली फक्त कॉल आणि एसएमएसची व्हाउचरे घरातल्या ज्येष्ठांना पुरतात. मात्र भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देणाऱ्या आजींना ती चालणार नाहीत, कारण मंडईत घरचे वायफाय पोहोचत नाही.

परदेशी जाताना भारतीय क्रमांक चालू ठेवावाच लागतो, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. म्हणून चार दिवसांच्या कामासाठी रोमिंग पॅक सुटसुटीत वाटतो, तर लांबच्या प्रवासात डेटासाठी तिथले सिम किंवा ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्ये उतरवून घ्यायचे सिम) आणि ओटीपीसाठी आपले सिम, ही जोडी मला अधिक पटते. अशा वेळी भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे, आणि एका सिमचा सिग्नल गेल्यावर दुसऱ्याचा डेटा आपोआप वापरण्याची सोयही बंद करावी. नाहीतर बिलाची उडी कळतही नाही. रोमिंगवर आलेला कॉल उचलला तरी पैसे पडतात, हे नातेवाइकांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवलेले बरे.

युरोपीय संघातल्या एका देशाचे सिम २०१७ पासून इतर सदस्य देशांतही घरच्याच दराने चालते. आपल्याकडच्या सहलींत हमखास असणारे स्वित्झर्लंड मात्र संघाबाहेर आहे, त्यामुळे सिम घेतानाच त्या देशाचे नाव यादीत पाहून घ्यावे. ई-सिम उतरवून घ्यायला इंटरनेट लागते, तेव्हा ते काम घरच्या वायफायवर उरकावे, आणि त्याच बैठकीत भारतीय सिमची मुदत परतीच्या तारखेपलीकडे जाते की नाही हेही तपासावे.