काळी तीन

नेपल्समधल्या एका छोट्या स्टुडिओत मी जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून देते. गावी कोणी विचारलं की "रेकॉर्डी धुते" म्हणून मोकळी होते, आणि आईचा चेहरा पडतो. पण ते काही खोटं नाही. निम्मा दिवस धुण्यातच जातो. डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर साबण, मऊ ब्रश, आणि हात खाचेच्या दिशेनेच फिरवायचा. स्पिरिट चुकूनही लावायचं नाही. या तबकड्या लाखेच्या, स्पिरिटमध्ये लाख विरघळते, गाण्यासकट.

त्या मंगळवारी सकाळी एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे. कापडी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली दहा इंची तबकडी. लेबल इतकं झिजलेलं की कंपनीचं नाव पार गेलेलं, फक्त 'जिल' एवढंच उरलेलं. "आईची आहे. चारला येतो," म्हणाले आणि गेले.

आर्मान्दो जिल! मी हातातलं काम बाजूला ठेवलं. खरं नाव मिकेले तेस्ता, जन्म १८७७चा, याच शहरातला. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची आणि स्वतःच गायचं, असं करणाऱ्याला इटलीत 'कान्ताउतोरे' म्हणतात, आणि त्या परंपरेतला पहिला मान जिलला देतात. गंमत म्हणजे हा शब्द रुळला १९६०च्या सुमाराला, आणि जिल गेला १९४५मध्ये. त्याला मात्र शब्दाची गरजच नव्हती. रंगमंचावर येऊन तो ऐटीत जाहीर करायचा की काव्य आर्मान्दोचं, संगीत जिलचं, आणि गाणार तो स्वतः. तिघांची नावं घेतल्यासारखं करायचा आणि माणूस एकच! मला आपल्याकडची गायिका गौहर जान आठवते. रेकॉर्डीच्या शेवटी तीही स्वतःचं नाव पुकारायची. पण तिचं पुकारणं हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या लोकांना रेकॉर्ड ओळखता यावी म्हणून, याचं निव्वळ मिजाशीखातर.

सुई टेकवली आणि पहिल्याच ओळीला ओळखलं. 'कोमे पिओवेवा', म्हणजे 'कसा पाऊस पडत होता'. १९१८चं गाणं. एकेकाळचे प्रेमिक पावसापासून आडोसा शोधताना एकाच दारात येऊन उभे राहतात, तिथून गोष्ट सुरू होते. या गाण्याची सुरुवातीची ओळ इटलीत इतकी तोंडी बसलेली की १९७४मध्ये एत्तोरे स्कोलाने तीच आपल्या सिनेमाला नाव म्हणून घेतली.

ध्वनिमुद्रण माइकच्या आधीच्या काळातलं, भोंग्यात तोंड घालून गायलेलं. चार सुया बदलून पाहिल्या, चौथी खाचेत नीट बसली आणि खरखर निम्म्यावर आली. वेग मिनिटाला ७८ फेरे. वेग चुकला की सूरही वर-खाली सरकतो, म्हणून सूर तपासला. चोख काळी तीन, पेटीवरची तिसरी काळी पट्टी. दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी अडकलेला असता तर शंका आली असती, पण पट्टी अगदी स्वच्छ होती. फाइल जपून ठेवली आणि खूश होऊन जेवायला गेले.

चारला आजोबा हेडफोन लावून बसले. अर्ध्या मिनिटात काढले.

"पोरी, हा कुठे निघालाय एवढ्या घाईने?"

मी म्हटलं, "आजोबा, आवाज जुना आहे, भोंग्याचा आहे, असाच चिरका येतो."

"चिरकं असू दे. पण घाई? आई हे गाणं इस्त्री करताना म्हणायची. एकेका ओळीला एकेक बाही व्हायची."

आता आईच्या इस्त्रीवर मी यंत्राचा वेग ठरवू? तोंडावर हसू ठेवून मी सांगितलं की वेग बरोबर आहे, सूर नेमका फा दिएझिस, म्हणजे आपली काळी तीन, लागतोय, हे बघा. स्क्रीन वळवून दाखवला.

ते हसायलाच लागले. चाळीस वर्षं लग्नांत मँडोलिन वाजवलेला माणूस निघाला तो. चार बोटं पुढे करून म्हणाले, "सोल, रे, ला, मी. माझ्या चार मोकळ्या तारा. तुझ्या फा दिएझिसमध्ये यातली एक तरी बसते का सांग. कुठला वेडा वाद्यवृंद त्या पट्टीत वाजवेल?"

मी बोटांवर मोजलं. एकही बसत नव्हती. अर्धा सूर खाली, पांढरी चारला, चारही बसत होत्या.

माझी चूक कुठे झाली ते तेव्हा कळलं. मी मिरजेत पेटी शिकले. मुलींचं गाणं म्हटलं की काळी चार नाहीतर काळी पाच, आणि पुरुष कुठेही. पेटीवाल्याला काळी पट्टी म्हणजे रोजची भाजीभाकरी. काळी तीन ऐकून माझा कान जराही दचकला नव्हता. व्हायोलिन-क्लॅरिनेटवाल्यांना ती किती अवघड, हे मी परीक्षेपुरतं वाचलेलं.

आणि ७८ हा आकडा त्या काळात काही पक्का नव्हताच. ज्याने त्याने आपल्या सोयीने वेग ठेवावा. गाण्यात कडवी जास्त असली तर तबकडी थोडी हळू फिरवायची, म्हणजे तीन मिनिटांच्या जागेत जास्त मावतं. मला हे माहीत होतं. इतरांना शिकवतेही.

वेग ७३.६वर आणला. पुन्हा सुई टेकवली. गाणं जेमतेम दहा सेकंदांनी लांबलं, पण मघाचा पोरगेला आवाज गेला आणि चाळिशीतला एक माणूस समोर बसून गोष्ट सांगू लागला. ओळ संपली की तो थांबतो, जणू आपण "मग?" म्हणायची वाट बघतोय. मघाशी ते थांबणं मला दम घेणं वाटलं होतं.

आजोबांचा उजवा हात टेबलावर हळूहळू पुढे-मागे सरकत होता. कडवं संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की ते इस्त्री करतायत.

ते गेल्यावर मी वही काढली. गेल्या वर्षभरात दिलेल्या तबकड्यांच्या नोंदी खालून वर वाचत गेले. काळी तीन, दोन वेळा. काळी एक, एकदा. तिन्ही भोंग्याच्या काळातल्या, तिन्ही ७८वर. तिघांचे फोन नंबर एका चिठ्ठीवर उतरवून टर्नटेबलला चिकटवले.