वाई : सात घाट पायी, मग मेणवली आणि धोम

पाचगणी-महाबळेश्वरला जाताना वाई आम्ही कितीतरी वेळा ओलांडली असेल, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, चहा घ्यायचा आणि पसरणीचा घाट चढायला लागायचं. ह्या माघात मात्र आई आणि मी दोन दिवस फक्त वाईसाठी काढले. स्वारगेटहून सकाळची महाबळेश्वर एसटी पकडली, सुरूर फाट्याला हायवे सुटतो आणि तिथून पुढे थोड्या वेळात वाई. पांडवगड दिसायला लागला की सामान काढायला घ्यायचं.

पहिलं काम म्हणजे कृष्णा नदीचे घाट चालणं. सात घाट आहेत आणि त्यांची नावं आळ्यांचीच आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. गंगापुरीच्या पायऱ्यांवर एक आजी पितळेची भांडी घासत होत्या, त्यांनी मान वर करून विचारलं, "कुठल्या आळीत उतरलाय?" आईने लॉजचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "ते नव्हे हो, आळी कुठली?" मला हा प्रश्न फार आवडला कारण वाई समजायची किल्लीच ती आहे. नगरपालिकेच्या कागदावर प्रभाग असतील, पण माणसं पत्ता सांगतात तो आळीचा, आणि कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचाच, उत्सवही आळीआळीने पाळीपाळीने होतो, प्रत्येक घाटाचं आपलं संस्थान, आपला मांडव, आपलं कीर्तन, आपला प्रसाद. अफजलखान वाईत तळ देऊन होता तेव्हा शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून कृष्णाबाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव आला असं इथे मानतात. वाईची नगरपालिका १८५५ ची, म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या नगरपालिकांपैकी, पण लोकांनी एकत्र बसून वर्गणी काढायची आणि कामं वाटून घ्यायची ही सवय इथे त्याच्याही आधीची आहे असं मला घाटावर फिरताना सारखं वाटत होतं.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. दर्शन झालं की लगेच निघू नका, वळसा घालून मागच्या बाजूला जा. तिथली भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. मी त्या कोपऱ्यावर हात ठेवून बघितला, दगड गुळगुळीत झालाय. एवढं नदीचं भान ठेवून बांधलेलं देऊळ मी तरी दुसरं पाहिलेलं नाही! शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर.

गंगापुरीतच मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्या प्राज्ञपाठशाळेत घडले, ते प्रमुख संपादक झाले म्हणून एवढा मोठा प्रकल्प मुंबई-पुण्याऐवजी ह्या छोट्या गावात चालला, पहिला खंड १९७६ चा. आई शाळेत शिकवायची आणि तिच्या शाळेत हे खंड होते, ती पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने मेणवली, जेमतेम ३ किमी. नाना फडणवीसांचा वाडा, मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, आणि मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली पोर्तुगीज घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्यातली ही, जवळ जाऊन बघा, बाळ येशूला घेतलेली मेरी त्यावर अजून दिसते. इथून पुढे धोमला नरसिंहाचं देऊळ आणि कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी आहे, त्यासाठी वेगळा तास ठेवा.

मेणवलीला एक गोष्ट मनाला लागली. घाटाच्या पायऱ्यांशी निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या अडकल्या होत्या आणि हेच पाणी पुढे वाईच्या घाटांवर जातं. मेणवली ग्रामपंचायतीत, वाई नगरपालिकेत, आणि नदीत पाणी किती सोडायचं ते वर धोम धरणावर जलसंपदा खातं ठरवणार. तक्रार करायची तर आधी हद्द कोणाची ते विचारावं लागतं, आणि नदीला तर हद्द कळत नाही. वाईत घाट साफ करायला दर आठवड्याला येणारी माणसं आम्हाला भेटली, त्यांच्याबरोबर अर्धा तास कचरा उचलला, तुम्हीही जमलं तर उचला.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, उत्सव बघायचा तर माघ-फाल्गुन, पण कुठल्या घाटावर कधी ते गावात फोन करून विचारून घ्या. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडतात आणि शेवाळं भयंकर, तेव्हा खाली उतरू नका, आई तर कोरड्या दिवसातही एकदा घसरली, माझा हात धरला होता म्हणून वाचली. चप्पल चांगल्या ग्रिपची. गाडी गणपती आळीत घालू नका, गल्ल्या अरुंद आहेत, बाहेर लावून चालत जा. घाट सकाळी सातच्या आत गाठा, धुकं पाण्यावरून उठत असतं आणि गर्दी नसते. परतताना बाजारातून वाईची हळद घ्या, आम्ही दोन किलो घेतली आणि एसटीत आख्खा रस्ता पिशवीला तिचाच वास येत होता.