मानस

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाड्यावरची पोरं दारात आली. "काका, पोरने कपडे आसात?" त्यांना ओल्ड मॅन करायचा होता. सरत्या वर्षाचा हा म्हातारा आमच्याकडे गोव्यात जुन्या कपड्यांत गवत भरून उभा करतात, रस्त्यात दोरी आडवी धरून त्याच्या फटाक्यांसाठी वर्गणी काढतात आणि ३१ तारखेच्या मध्यरात्री पेटवतात. कपाटात हाताला लागली ती गेल्या जानेवारीत घेतलेली ट्रॅक पँट. लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. देऊन टाकली. बायको म्हणाली, "म्हातारा तरी घालील."

गेल्या वर्षी माझे संकल्प अकरा होते. पहाटे चालणं, साखर बंद, पोर्तुगीज शिकणं, रोज दहा पानं वाचणं... पुढचे आठवत नाहीत. साखरेचा मात्र पक्का आठवतो. शेजारून आलेल्या नाताळच्या ताटात दोदोल उरलं होतं, म्हणून तो एक जानेवारीलाच संध्याकाळी मोडला.

आमच्या खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधाला लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच ते मिटतं आणि खारं पाणी शेताबाहेर राहतं. ओहोटीला आपोआप उघडतं, आतलं पाणी जाऊ देतं. लहानपणी पेपरात 'सरकारचा मानस आहे' असं वाचलं की मला मंत्र्यामागे बांधावरचं ते दारच दिसायचं. माझ्या स्वतःच्या मानसाचं दार मात्र वर्षभर सताड उघडं होतं. जी भरती येईल ती आत.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांना प्रत्येकी एकच नवी सवय निवडायला सांगितली होती, तीही रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. माणसागणिक अंदाज मात्र १८ पासून थेट २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात आहे. (हे वाक्य मी दोनदा वाचलं.) एक जानेवारीपासून ६६ दिवस म्हणजे शिगम्याचे ढोल वाजायचे दिवस. २५४ म्हणजे चवथीच्या आसपास. ही कालगणना मला जमण्यासारखी वाटली.

म्हणून यंदा एकच. आजोबांच्या भाटाचा, म्हणजे माडांच्या बागेचा, १९६१ पूर्वीचा पोर्तुगीज कागद ट्रंकेत पडून आहे. हाताने लिहिलेला, चार पानी. 'पोर्तुगीज शिकायचं' हे गेल्या वर्षीचं कलम होतं. यंदा फक्त हा कागद वाचायचा, रोज एक ओळ, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की. ओळी मोजल्या, बाण्णव भरल्या. परवा मित्राने विचारलं, जिमला येतोस का? म्हटलं, भरती आहे.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी चतुःसीमा सुरू झाली. 'नॉर्ति' म्हणजे उत्तर, 'सुल' म्हणजे दक्षिण, इथवर ठीक. पूर्वेला 'नासेंत' म्हटलंय, म्हणजे उगवती. पश्चिमेला 'पुएंत', मावळती. आजीही हेच म्हणायची, उगवतीकडचा माड, मावळतीकडची बांय, म्हणजे विहीर.

उगवतीला कुणाचं तरी भाट लागून आहे. नावाचं पहिलं अक्षर व असेल किंवा ब, पुढे शाईचा डाग. तीन दिवस झाले, मी त्याच ओळीवर आहे. पोदेराचे उंडे गार होतात.