पावे सायकल, नोंद 6: उभी असताना ठीक, दगडावर गळती

मागची नोंद ‘दोन्ही चाकं ट्यूबलेस झाली, आता फक्त फिरायचं’ अशी संपली होती. त्यातला ‘फक्त’ काढून टाका. मागच्या चाकानं सगळं वेळापत्रक खाल्लं. आता उत्तर सापडलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. पॅरिस-रूबे या उत्तर फ्रान्समधल्या सायकल शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर (‘पावे’) जायचा विचार असलेल्या बऱ्याच जणांच्या चाकात हीच चूक आत्ता दडून बसलेली असेल.

लक्षण असं. 32 मिमीचा टायर, आतून 23 मिमी रुंदीची हुक असलेली रिम, 45 मिली सीलंट (छिद्रं आतून बुजवणारा लॅटेक्सचा द्रव). स्वार आणि सायकल मिळून साधारण 85 किलो. हवेचा दाब मागे 3.5 बार (51 पीएसआय), पुढे 3.2. चाक रात्रभर भिंतीला टेकवून ठेवलं तर सकाळी काटा जेमतेम अर्ध्या दशांशानं हलतो. डांबरावर 40 किमी मारले तरी तेच. पण शर्यतीच्या दगडी तुकड्यांपैकी, म्हणजे सेक्टरांपैकी, 9 ते 4 हा पट्टा, म्हणजे पाँ-तिबो, ताँप्लव्हचे दोन तुकडे, सिझ्वाँ-बुर्गेल, बुर्गेल-वानएँ, काँफाँ आणि कार्फूर द लार्ब्र, असे सगळे मिळून 8.4 किमी दगड झाले की मागे 2.5 बार उरतात. कार्फूरच्या वळणावर रिम दगडाला ‘टक्’ करून लागते, तेव्हा कळतं. टायरवर कुठेही सीलंटची पिचकारी नाही. पुढचं चाक मात्र 3.2 चं 3.1.

(क्रमांक गेल्या काही शर्यतींतले आहेत. सेक्टर रूबेकडे उलटे मोजतात, म्हणून आकडा लहान म्हणजे शेवट जवळ.)

पहिला संशय व्हॉल्व्हच्या कोअरवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या आतल्या सुट्या भागावर. दगडाच्या थरथरीनं तो सैल होतो हे खरं आहे, आणि नुसता बोटांनी आवळलेला कोअर हमखास होतो. छोट्या किल्लीनं बोटाच्या आवळणीपुढे पाव फेरा दिला. फरक शून्य. दुसरा संशय बर्पिंगवर, म्हणजे धक्क्याला टायरची कड रिमपासून क्षणभर सुटून हवा ‘फुस्’ करते त्यावर. पण बर्प झाला की कडेला ओलं सीलंट दिसतं आणि दाब एकदम पडतो. इथे तो हळूहळू पडत होता: सेक्टर 7 नंतर 3.1, सेक्टर 5 नंतर 2.7. तिसरा संशय व्हॉल्व्हच्या बुडाच्या रबरावर. चौकोनी बुडाचा व्हॉल्व्ह काढून निमुळत्या रबराचा बसवला. तोही निर्दोष सुटला.

खूण आधीपासून डोळ्यांसमोर होती. मागच्या रिमच्या 24 निपलांपैकी (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटांपैकी) तिघांच्या मुळाशी पांढरी भुकटी, वाळलेल्या लॅटेक्सची. धूळ समजून ती दोनदा पुसली गेली. निपलाशी सीलंट पोचलं याचा अर्थ हवा टायरमधून नाही, रिमच्या तळाची भोकं झाकणाऱ्या टेपखालून रिमच्या पोकळीत शिरते आहे आणि तिथून निपलाच्या भोकातून बाहेर पडते आहे.

मग उभ्या चाकात गळती का दिसत नाही? चाकाला साबणाचं पाणी लावून बघितलं तर एक बुडबुडा नाही. तेच चाक सायकलला लावून, एकानं वर बसून, दुसऱ्यानं निपलांवर साबणपाणी मारलं. तरी काही नाही. शेवटी बसलेल्यानं खोगिरावर सगळं वजन टाकून उड्या मारल्या, तेव्हा तीन निपलांशी फेस आला, उडीगणिक. गळती स्थिर चाकाची नाही, दबणाऱ्या चाकाची आहे, हे तिथे पक्कं झालं. ट्यूबलेसची चाचणी बादलीत चाक बुडवून करणाऱ्यांनी ही पायरी जरूर जोडावी.

कारण टेपच्या रुंदीत होतं. रिम 23 मिमी, म्हणून टेपही 23 मिमी. ऐकायला बरोबर वाटतं, आणि दुकानदारही हेच सांगून मोकळा होतो. पण 23 हे दोन भिंतींमधलं सरळ अंतर. टेपला मधल्या खोलगट खाचेत उतरून परत वर चढायचं असतं, त्यामुळे तिचा रस्ता जास्त लांब. 23 ची टेप त्या रस्त्यावर आखूड पडते आणि तिच्या कडा टायरची कड बसते त्या पायरीच्या अलीकडेच संपतात. मग टायर बसवताना कड तिच्यावरून घासत जाते आणि टेपचा काठ उचलते. तिथून पुढे सगळं भौतिकशास्त्र. स्पोकचं आतलं भोक 8 मिमीचं, म्हणजे क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर. 3.5 बारला प्रत्येक भोकावर टेप पावणेदोन किलोच्या जोरानं खाली दाबली जाते. डांबरावर हा जोर शांत असतो. दगडावर तो सेकंदाला कित्येकदा कमीजास्त होतो, टेप भोकात पोटासारखी फुगते-बसते आणि उचललेला काठ दर खेपेला जरासा उघडतो. सीलंट तिथे पोचून सुकतं, पुढच्या धक्क्याला त्याची पापडी मोडते. मागच्या चाकावर वजनाचा मोठा वाटा, म्हणून ते आधी बोललं. पुढचं उघडून बघितलं तर तिथेही दोन ठिकाणी काठ उचललेलाच होता. अजून गळायला लागला नव्हता, इतकंच.

दुरुस्ती अशी केली. टायर उतरवून सीलंट पुसलं. जुनी टेप ओढून काढली, राहिलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसला आणि दुसऱ्या वेळी फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहिलो. यात घाई केली तर बाकीचं सगळं फुकट. नवी टेप 27 मिमी. सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकासमोरच्या बाजूनं, दोन पूर्ण फेरे, शेवट सुरुवातीच्या पुढे 10 सेंमी. एका फेऱ्याला साधारण 1.95 मीटर लागते, म्हणजे दोन चाकांना 8 मीटर, 10 मीटरच्या गुंडाळीत आरामात बसतं. टेप लावताना ताण इतका की ती खाचेच्या तळाला चिकटली पाहिजे, पूल करून वरून जाता कामा नये. दर वीतभर अंतरावर अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत जायचं. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडनं कापायचं नाही. कापलेल्या भोकाला कोपरा राहतो आणि कोपऱ्यातून चीर धावते. तापवलेल्या टोच्यानं वितळवून पाडलेलं भोक गोल राहतं आणि त्याच्या कडा घट्ट होतात.

यानंतर सीलंट न घालता आत साधी ट्यूब टाकून टायर 4.5 बारला रात्रभर ठेवला, म्हणजे टेप खाचेत दाबून बसते. ही रात्र वाचवावीशी वाटते. वाचवू नका. सकाळी टायरची एकच बाजू उतरवून ट्यूब काढली, व्हॉल्व्ह बसवला, 45 मिली सीलंट.

व्हॉल्व्हची नळी धरून ठेवणारा नट फक्त बोटांनी आवळायचा, पक्कड लावायची नाही. रस्त्यात टायर फाटून ट्यूब टाकायची वेळ आली तर हाच नट बोटांनी सुटला पाहिजे, आणि सुकलेलं सीलंट त्याला आधीच चिकटवून ठेवतं. दगडी पट्ट्यात ट्यूबलेसवाले अडकलेले दिसतात ते पंक्चरमुळे कमी, न सुटणाऱ्या नटामुळे जास्त. आता पिशवीत छोटी पक्कड कायमची.

निकाल: तोच 8.4 किमीचा पट्टा, तेच वजन, मागे 3.5 चं 3.4. तो एक दशांशही मोजताना निसटलेल्या हवेचा धरायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. उड्यांच्या चाचणीत एकही बुडबुडा नाही. या आकड्यासाठी एक संध्याकाळ नुसतं समाधानानं बसायला हरकत नाही.

मोजण्याबद्दल एक वाक्य. फ्लोअर पंपाच्या काट्यावर हे प्रयोग करू नका. एकाच चाकावर दोन पंपांनी 0.3 बारचा फरक दाखवला, आणि इथे 0.3 म्हणजे रिम वाचणं आणि रिम दबणं यातलं अंतर. वेगळा डिजिटल मापक घ्या आणि सगळे आकडे त्याच एकावर घ्या. डेकॅथलॉनचा साधा मापक पुरला. या कंपनीचं पहिलं दुकान 1976 मध्ये इथेच, लीलजवळच्या आँग्लोसला उघडलं, त्यामुळे तिचा माल ‘स्थानिक’ म्हणायला काही हरकत नाही.

बाकी किरकोळ. कार्बनचे बॉटल केज काढून धातूचे बसवले, कारण धातूचा केज वाकवून बाटली घट्ट करता येते. दोन्ही बाजू आत दाबल्या, बोल्टांना निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावला. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) चेन ताणून धरणारा क्लच चालू ठेवला. हँडलवरची टेप दुहेरी. काँप्युटरच्या माउंटला दोरी बांधली, कारण ताँप्लव्हच्या पवनचक्कीजवळच्या 500 मीटरच्या सेक्टरवर कुणाचा तरी काँप्युटर शेतात सापडलेला आहे. बीटच्या शेतात पडलेली वस्तू शोधणं हा वेगळा छंद.

दगडांवर चालवण्याचं तंत्र इथल्या रस्त्याच्या मूळ कामातच आहे. पेव्हेल या भागातले हे सेक्टर आजही शेतरस्ते आहेत. ट्रॅक्टर आणि शरदातली बीटची वाहतूक चाकोऱ्या दाबत जाते, मधला भाग कण्यासारखा वर राहतो. कोरड्यात त्या कण्यावर चालवायचं. कडेची मातीची पट्टी गुळगुळीत दिसते, पण टोकदार गारगोट्या तिथेच जमतात, पंक्चरही तिथेच होतात. पावसात कणा निसरडा होतो, तेव्हा निवड वाईट आणि जास्त वाईट यांतली. गिअर एक-दोन जड, केडन्स (पेडल फिरवण्याचा वेग) कमी, हँडल वरून सैल धरायचं. हात आवळला की धक्का खांद्यापर्यंत जातो.

आता मार्ग. मूळ बेत आरेनबेर्गपासून रूबेपर्यंत सलग जायचा होता. तो बदलतोय. आरेनबेर्गचा 2,300 मीटरचा सरळ रस्ता शर्यतीत 1968 ला आला, सायकलपटू जाँ स्ताब्लिन्स्कीच्या सुचवण्यावरून. तो स्वतः तिथल्या कोळशाच्या खाणीत काम केलेला. खाण 1989 मध्ये बंद झाली, आणि हा सगळा खाणपट्टा 2012 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. जागा बघायलाच हवी, पण नव्यानं बसवलेल्या टेपची परीक्षा तिथे घ्यायची नाही. तिथले दगड एकमेकांच्या पातळीतच नाहीत, आणि शर्यतीआधी त्यांच्यातलं गवत काढायला शेळ्या सोडतात, यावरून काय ते समजा. आरेनबेर्ग वेगळ्या दिवशी, पुढे 35 चा टायर लावून. ही कल्पना हे लिहितानाच सुचली. पुढच्या फोर्कला प्रत्येक बाजूला 5 मिमी जागा आहे, मागे 35 मावत नाही.

मुख्य फेरी आता मोंस-आँ-पेव्हेलपासून. 3,000 मीटरचा सेक्टर, मातीच्या वळणांसकट. इथल्याच टेकडीपाशी 18 ऑगस्ट 1304 ला फ्रान्सचा राजा चौथा फिलिप फ्लँडर्सच्या फौजेशी लढला. पुढे सिझ्वाँत 1745 च्या फाँतनुआच्या विजयाचं स्मारक आहे. तो दगडी सुळका असला तरी गावकरी त्याला पिरॅमिड म्हणतात. बुव्हीन शर्यतीच्या दगडांपासून हाकेच्या अंतरावर. तिथे 27 जुलै 1214 ला फिलिप ऑगस्टनं सम्राट ओटोला हरवलं, आणि चर्चच्या 21 रंगीत काचांत ती लढाई क्रमानं मांडलेली आहे. सायकलचे बूट काढून आत जा, बुटांच्या तळाशी असलेल्या क्लीटचा आवाज फार घुमतो. मग काँफाँ, कार्फूर, ग्रूझों, आणि रूबेत शेवटचे 300 मीटर क्रूपलाँच्या नावाचे. तो रूबेचाच, 1912 आणि 1914 चा विजेता. त्यानंतर व्हेलोड्रोम.

दुसरा दिवस पूर्ण डांबराचा, लीलच्या पश्चिमेला, फ्रोमेलवरून नव्ह-शापेलला. एका दिशेनं 25 ते 30 किमी, जवळपास सपाट, वारा समोरून. दाब मागे 4.2, पुढे 4.0. चौरस्त्यावर भारतीय सैनिकांचं स्मारक आहे: गोल भिंत, 15 मीटरचा कमळाचा स्तंभ, दोन वाघ, भिंतीवर 4,700 हून अधिक नावं. 1927 मध्ये उघडलं. पुण्याहून येणाऱ्यांनी हा दिवस गाळू नये. 28 ऑक्टोबर 1914 ला नव्ह-शापेल गावात 47 व्या शीख पलटणीबरोबर घराघरातून लढत शिरल्या त्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या होत्या. कुमक आली नाही, आणि मिळवलेलं गाव सोडून त्यांना मागे यावं लागलं.

संध्याकाळी परतताना 4.2 वरून हवा 3.5 ला आणायची, पुढच्या दिवशीच्या दगडांसाठी. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवूनच हवा सोडायची, नाहीतर सीलंट कोअरमध्ये येऊन बसतं. पुढच्या नोंदीत आरेनबेर्गवरचे 35 चे आकडे. कुणाकडे याच जातीच्या रिमवर 29 मिमी टेपचा अनुभव असेल तर टायरची कड बसते का, तेवढं लिहा.