‘कुंकू’ दुसऱ्यांदा, डोळे मिटून

मंडळी, व्ही. शांताराम कानांनी पाहायचे असं ठरवून तीन महिने झाले. ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) एवढे झाले. पद्धत तीच: आधी सरळ पाहायचा, मग पडद्याकडे पाठ करून हेडफोनवर नुसता ऐकायचा आणि कानावर पडेल ते वहीत लिहायचं.

‘अमृतमंथन’ अर्ध्या पानात आटोपला. चंद्रमोहन यांचा तो पडदाभर डोळा ऐकून कसा कळणार!

‘कुंकू’ने मात्र अकरा पानं घेतली. त्यात पार्श्वसंगीत नाहीच. दुःखाचा प्रसंग आला म्हणून व्हायोलिन रडत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाजच सगळं काम करतात. पहिल्या खेपेला हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण शांता आपटे यांच्या नीरेवरून नजर हटत नव्हती. डोळे मिटल्यावर कळलं, म्हाताऱ्या नवऱ्याशी संसार नाकारणारी ती मुलगी गप्प होते तेव्हा आपल्याला सावरायला एकही सूर येत नाही. केशवराव दाते यांचे काकासाहेब तर नुसत्या आवाजातूनही खचत जातात. अडचण एकच. माझ्याकडच्या प्रतीत खरखर फार, त्यामुळे आठ ठिकाणी आवाज प्रसंगातला की फितीचा, हे ठरेना. बरोबरच केलेल्या हिंदी ‘दुनिया न माने’मधले तेच प्रसंग लावून पडताळते आहे. तीन सुटले, पाच बाकी.

‘झनक झनक’ला बसताना वाटत होतं, इथे गंभीर शांतारामबापू संपले आणि रंग, घुंगरू, करमणूक सुरू झाली. वहीने ते खोडून काढलं. वसंत देसाईंच्या या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचं संतूर आहे, तेव्हा सिनेमाला अगदी नवखं वाद्य. एका चित्रपटात संगीत काढून घेणारा माणूस अठरा वर्षांनी दुसऱ्यात अनोळखी वाद्य आणतो. कान तेवढाच चोखंदळ आहे, गोष्टीची गरज वेगळी.

पुढचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेला, ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरचा. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ मी शाळेत इतकी वर्षं म्हटलंय की ते कैद्यांच्या गोष्टीतलं म्हणून ऐकूच येत नाही. म्हणून या वेळी क्रम उलटा: आधी ऐकणार, मग पाहणार.