पांढरा दोरा

ठाण्यातल्या एका डेंटल क्लिनिकमधल्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकची देखभाल मी करतो. दुपारी तिथून डॉक्टर मॅडमचा फोन आला. "दादा, माशांना जंत झालेत. टँगलाही आणि नव्या क्लाउनलाही. मागे पांढरा दोरा लोंबतोय. दुकानातून औषध आणून ठेवलंय, टाकू का?" टँग आणि क्लाउन या तिथल्या माशांच्या जाती. मी म्हटलं, "मॅडम, बाटली उघडूसुद्धा नका. निघालोच मी."

बाटलीचा फोटो त्यांनी पाठवला होता. तांब्याचं औषध होतं. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले तर तांबं कामाला येतं, पोटाच्या दुखण्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि ज्या टँकमध्ये प्रवाळ आहेत, झिंगे आहेत, तिथे ते ओतलं की तेच आधी मरतात. खडकात आणि वाळूत मुरलेलं तांबं नंतर सहजी निघतही नाही.

पोहोचल्यावर पाणी तपासलं. खारेपणा दाखवणारी पाण्याची सापेक्ष घनता १.०२५, तापमान २६ अंश, अमोनिया शून्य. पाण्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. मग स्टूल ओढलं आणि काचेसमोर नुसता बघत बसलो. या कामातला हा भाग लोकांना वेळ घालवल्यासारखा वाटतो, पण माशाचं पोट समजून घ्यायचं तर तोंडात काय जातं आणि मागून काय येतं, हे डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही.

थोडं गोठवलेलं मायसिस, म्हणजे बारीक झिंग्यांसारखं खाद्य, सोडलं. पावडर ब्लू टँग जवळ आला, एक दाणा तोंडात घेतला, चघळला आणि थुंकून दिला. पोट आत गेलेलं, बाजूच्या निळ्या रंगाची चमक गेलेली. क्लाउनची जोडी मात्र तुटून पडली. तरीही दोघांची डोकी अंगाच्या मानाने मोठी दिसत होती, पाठीकडचं मांस उतरलं होतं. म्हणजे एक मासा खात नाही आणि दोरा टाकतो, दुसरे दोन पोटभर खातात, रोडावतात आणि दोरा टाकतात. एवढ्यावरच मला वाटलं की ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

लोकांना हे सांगावं लागतं की पांढरा, लांब दोरा म्हणजे हमखास परजीवी नव्हे. आतड्याचं अस्तर चिकट स्राव सोडत असतं. पोटात अन्न नसलं की तोच स्राव एकटा बाहेर येतो आणि पांढरा दिसतो. उपाशी माशाचा दोरा आणि आजारी माशाचा दोरा काचेबाहेरून सारखाच.

म्हणून सोबत सूक्ष्मदर्शक होता. क्लाउनने दोरा सोडला तसा ड्रॉपरने उचलला, काचपट्टीवर टँकच्याच पाण्याच्या थेंबात पसरला आणि लगेच बघितला. उशीर केला की आतले जीव हालचाल थांबवतात आणि मग काही कळत नाही. चारशेपट मोठं करून पाहिलं तर चिकट धाग्यांच्या मधून बारीक ठिपके सपासप पळत होते, एकमेकांना चुकवत, वळसे घेत. शेपट्यांनी पोहणारे एकपेशीय परजीवी, फ्लॅजेलेट. थोडेफार धडधाकट माशातही सापडतात, पण इथे जिकडे बघावं तिकडे तेच होते, आणि मासा खाऊनही सुकत होता. मॅडमना डोळा लावायला दिला. बराच वेळ त्या मान वर करेनात.

टँगचा दोरा तसाच पसरला. नुसता स्राव, थोड्या सुटलेल्या पेशी, पळणारं काहीही नाही. एका नमुन्यावर मी निकाल देत नाही, म्हणून थांबून दुसरा घेतला. तोही तसाच.

"मावशी, याला खायला काय घालता?" मी विचारलं. टँकचं खाणंपिणं क्लिनिकच्या मावशी बघतात, फार मायेने बघतात. म्हणाल्या, "ते काळं कागदासारखं संपलं हो दादा. मग मी कोळंबी सोलून, बारीक करून घालते. ताजी असते."

ते काळं कागदासारखं म्हणजे नोरी, वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा. पावडर ब्लू टँग हिंदी महासागरातल्या प्रवाळांवर दिवसभर शेवाळ खुडत फिरणारा मासा, लक्षद्वीप-अंदमानलाही सापडतो. त्याचं लांब आतडं त्यासाठीच असतं. त्याच्या पोटाला रोज कोळंबी म्हणजे परकं अन्न.

मॅडमचं म्हणणं साधं होतं, "दोघांनाही एकच गोळी द्या ना, सुरक्षित बाजू." मी ठाम नाही म्हटलं. क्लाउनला लागणारं मेट्रोनिडाझोल परजीवींबरोबर ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंनाही मारतं, आणि टँगच्या कुळातल्या, म्हणजे सर्जन माशांच्या पोटात असेच जिवाणू अन्न पचवायला मदत करतात. त्यांतले काही इतके मोठे, अर्ध्या मिलिमीटरहून लांब, की नुसत्या डोळ्यांना दिसतात. १९८५ साली तांबड्या समुद्रातल्या सर्जन माशाच्या आतड्यात ते सापडले, तेव्हा त्यांच्या आकारामुळे ते जिवाणू असतील असं वाटलं नव्हतं. ते जिवाणूच आहेत हे १९९३ मध्ये सिद्ध झालं. उपाशी माशाच्या पोटातली ही वस्ती कारण नसताना उजाड करायला माझा हात धजत नाही.

शिवाय खाऱ्या पाण्यातल्या माशाचं आतडं नुसतं अन्न पचवत नाही. त्याच्या अंगातलं पाणी सतत समुद्राकडे ओढलं जातं, म्हणून तो समुद्र पितो. आतडं त्यातलं पाणी आणि मीठ शोषतं, जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर जातं. पोट बिघडलं की हा मासा पाण्यात राहून तहानेने खंगतो. त्यामुळे दोन्हीकडे वेळ दवडून चालणार नव्हतं.

ओळखीच्या पशुवैद्यांना सूक्ष्मदर्शकाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी शंभर ग्रॅम खाद्यात एक ग्रॅम औषध, जिलेटिनमध्ये बांधून, असं प्रमाण लिहून दिलं. क्लाउन खात होते म्हणून खाण्यातून औषध देणं शक्य होतं, आणि तोच उत्तम मार्ग. दोघांना मागच्या खोलीतल्या वेगळ्या टँकमध्ये हलवलं, फिल्टरमधला कोळसा काढून टाकला, कारण तो औषध शोषून घेतो. मोठ्या टँकमधली वाळू चोखून घेतली, कारण पडलेल्या विष्ठेतून हे परजीवी पुन्हा तोंडात जातात.

टँगसाठी माझ्या घरच्या टँकमधला हिरवा शेवाळलेला दगड मागवून घेतला. मीठ-तेल नसलेली नोरी क्लिपला लावून बाजूला लटकवली. नोरीकडे तो फिरकला नाही. दगडाभोवती बराच वेळ घिरट्या घातल्या, मग मान तिरपी करून एक लचका तोडला. थुंकला नाही. दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन, "दादा, हिरवी शी केली त्याने!" इतका आनंद त्यांच्या आवाजात मी आधी ऐकला नव्हता. नोरीवर यायला त्याला आणखी काही दिवस लागले.

क्लाउनपैकी मोठी मादी भरली. धाकटा मध्येच खायचा थांबला, मग औषध पाण्यातून दिलं, पण तो गेला. ही जोडी विकत घेतानाच रोडावलेली होती, हे मॅडमनी जुने फोटो काढून स्वतःच दाखवलं. आता नवा मासा थेट मोठ्या टँकमध्ये जात नाही. मागच्या खोलीत राहतो, त्याची विष्ठा मी बघतो, मगच पुढे. नोरीची पाकिटं मावशींनी हातमोज्यांच्या खोक्याशेजारी ठेवलीत, आणि दोन उरली की मॅडमच्या टेबलावर चिठ्ठी जाते.